एकशे ब्याण्णव

केणेसाहेबांचा मला राग यायचा. यायचा कसला, अजून येतो. त्यांच्या हाताखालून सुटून इतकी वर्षं झाली, मधे तीन नोकऱ्या झाल्या, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी कुणी पेनाचं टोपण चावताना दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. केणेसाहेब तसं करायचे. माणसाला टेबलासमोर उभं करायचं, रजिस्टर उघडायचं, टोपण दातात धरायचं आणि दोन मिनिटं अवाक्षर काढायचं नाही. तेवढ्यात समोरच्याला वाटायला लागायचं, आपण नक्की काहीतरी उचललंय. मग ते विचारायचे, "हां, बोल." आणि बोलावलेलं असायचं टिशू पेपरचा रोल संपला का, हे विचारायला.

आमची कापडाची कंपनी होती, नारपोलीला. खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, मागे कापड रंगवायचं प्रोसेस, वर ऑफिस. साल दोन हजार तीन-चारच्या आसपास. ऑफिस, कापडाची प्रत ठरवणारं ग्रेडिंग आणि गोदाम मिळून त्रेचाळीस कॉम्प्युटर होते आणि त्या सगळ्यांचे प्रमुख होते काशिनाथ केणे. मूळचे ते स्टोअरकीपर. पहिले कॉम्प्युटर खोक्यांतून आले तेव्हा ते सामान म्हणून आले, आणि सामान म्हटलं की केणे, एवढा साधा विचार मोठ्या शेठनी केला. केणेसाहेबांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, मोजता येत होता.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा सत्तावीसचा होतो. हार्डवेअरचा कोर्स झालेला, लग्न ठरलेलं, नोकरी सहा महिने कच्ची आणि नंतर जमलं तर पक्की. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक स्क्रूड्रायव्हर दिला आणि त्यासाठी तीन ठिकाणी सही घेतली. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए हार्डवेअर" अशी हाक मारायचे. शर्टाच्या खिशात तीन पेनं असायची, निळं लिहायला, लाल खोडायला आणि हिरवं सहीला. पांढऱ्या रंगाची एक डबी आणि बारीक ब्रश कायम टेबलावर. त्या रंगानं त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर नंबर घातला होता. खुर्च्यांवर होता, घड्याळावर होता, पाण्याच्या जगावर होता. भिंतीवर गणपतीची तसबीर होती, तिच्या चौकटीवरही होता. देवालाही इथून परस्पर जायची सोय नव्हती.

त्या वेळी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. जेवणाची सुट्टी झाली की केणेसाहेब प्लॅस्टिकचा डबा घेऊन टेबलाटेबलावरून फिरत. प्रत्येकानं माऊस उलटा करायचा, गोळी काढायची आणि डब्यात टाकायची, म्हणजे सुट्टीत कुणी पत्ते खेळणार नाही. सुट्टी संपली की गोळ्या परत. आता गोळ्या काही सगळ्या एका मापाच्या नसत. त्यामुळे रोज दुपारी पाव तास अर्धं ऑफिस एकमेकांत गोळ्या बदलत बसलेलं असायचं आणि साहेब लांबून समाधानानं पाहत असायचे. एकदा मी म्हटलं, "साहेब, पत्त्यांचा खेळच काढून टाकतो ना मशीनमधून. दोन मिनिटांचं काम." तर म्हणाले, "काढलास त मला दिसंल का, काढला म्हनून? गोली डब्यात दिसते."

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची, म्हणजे बाहेरच्या डब्याची, तऱ्हा तीच. प्रत्येक कॅबिनेटच्या सांध्यावर ते कागदाची पट्टी डिंकानं चिकटवत आणि तिच्यावर हिरवी सही ठोकत. हे सील. ते काढायचं तर आधी अर्ज, मग रजिस्टरात नोंद, मग साहेब स्वतः हजर, मग काम, मग नवं सील आणि पुन्हा नोंद. लूमवरून उडणारी बारीक रुई सगळ्या ऑफिसात तरंगत असायची. ती पंख्यात जाऊन बसली की मशीन तापून बंद पडायचं. फुंकर मारून होणाऱ्या कामाला आमच्याकडे दीड तास लागायचा. मी काय करायचो ते लपवत नाही. साहेब जागेवर नसले की सील फाडायचो, रुई झाडायचो आणि कॅबिनेट बंद करून मोकळा व्हायचो. पट्टी नंतर बघू म्हणायचो आणि विसरायचो.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कंपनी बघायला येणार असं ठरलं. त्यांना बाकी गोष्टींबरोबर सगळ्या कॉम्प्युटरची यादी हवी होती, तीन दिवसांत. केणेसाहेबांची मोजणी म्हणजे अकरा दिवस. टॉर्च, ब्रश, रजिस्टर घेऊन एकेका मशीनसमोर उकिडवं बसायचं आणि आतले नंबर वाचून लिहायचे. धाकटे शेठ वैतागले. मी मधेच तोंड घातलं, म्हटलं, मी करतो.

नोटपॅडमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. एका फाईलमध्ये सगळ्या मशीनची नावं, एकाखाली एक. स्क्रिप्ट एकेक नाव घ्यायची, नेटवर्कवरून त्या मशीनला विचारायची, तुझा प्रोसेसर कुठला, हार्ड डिस्क केवढी, विंडोज कुठलं, सीरियल नंबर काय. मशीन सांगेल ते ओळीत लिहायची आणि पुढच्याकडे जायची. जे बंद असेल त्याच्यापुढे 'उत्तर नाही'. लोडशेडिंगनं दोन वेळा खेळ उधळला. तिसऱ्यांदा आठ मिनिटांत यादी तयार. धाकट्या शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली, "अरे वा! हे तर जादू आहे." मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

केणेसाहेबांनी मात्र यादी हातात धरली आणि टोपण चावलं.

"जागेवरनं उठलास का?"

"नाही, साहेब."

"मंग मोजलंस कसं?"

"मशीनला विचारलं. त्यानं सांगितलं."

"उद्या मी चोराला विचारीन, चोरी केलीस का. तो म्हनंल न्हाय. लिवू का मी?"

तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी माझी यादी आणि स्वतःचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. पट्टी धरून, ओळीवर बोट ठेवून. सगळे नंबर जुळले. एका ठिकाणी तर रजिस्टरातच आठाच्या जागी तीन पडला होता, स्क्रिप्टनं तो पकडला. झालं. त्या दिवसापासून माणूस फिरला. ज्यानं उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास टाकला नाही त्यानं सगळाच्या सगळा विश्वास माझ्या चाळीस ओळींवर टाकला. दर मंगळवारी स्क्रिप्ट चालवायची, छापील प्रत त्यांच्या टेबलावर ठेवायची. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र वाजायला लागला की ते खुर्चीतून उठून कागद बाहेर येताना बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "यात रॅम बी घाल. चोरीला जाते ती रॅमच. खिशात मावते."

मी घातली. त्याच मंगळवारी एकतीस नंबरच्या मशीनसमोर आकडा आला, एकशे ब्याण्णव.

रजिस्टरात होतं दोनशे छप्पन एमबी. एकशे अठ्ठावीसच्या दोन पट्ट्या. केणेसाहेबांना तेवढं गणित पक्कं येत होतं. एकशे अठ्ठावीस अधिक चौसष्ट म्हणजे एकशे ब्याण्णव. याचा अर्थ कुणीतरी एक मोठी पट्टी काढून नेली आणि तिथं छोटी बसवली. ते ताडकन उठून एकतीस नंबरकडे गेले, वाकून बघितलं, आणि सीलही फाटलेलं.

ते मशीन होतं सुगंधा भोईर यांचं. चलनं टाइप करायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताई म्हणायचो. दिघाशीहून दोन गाड्या बदलून यायच्या. त्यांच्या घरात ऑफिसात कामाला जाणारी ही पहिली बाई. सासऱ्यांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर. वाकडा शब्द कानावर आला की त्या दिवसापासून घरी. हे त्यांनीच हसत हसत सगळ्यांना सांगितलेलं होतं. केणेसाहेबांनाही ते ठाऊक होतं.

"रॅम कुटं हाय, भोईरबाई?"

"काय कुटं हाय?"

"रॅम. डब्यातली पट्टी. सील तुमच्या मशीनचं फाटलंय."

"साहेब, मला तो डबा उघडता बी येत न्हाय. कशानं उघडू, चमच्यानं?"

कुणीतरी हसलं. ते हसणं केणेसाहेबांना झोंबलं असणार. त्यांनी तिथल्या तिथं नोटीस लिहिली आणि फळ्यावर टाचली. मशीन क्रमांक एकतीसमधील रॅम चौसष्टने कमी आढळली, सौ. सुगंधा भोईर यांनी शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. खाली हिरवी सही. कॅबिनेट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. जो माणूस आयुष्यभर टॉर्च घेऊन उकिडवा बसला, तो त्या दिवशी बसला नाही. मी म्हटलं, "साहेब, एकदा उघडून..." तर म्हणाले, "सही झालीय. आनी प्रिंट तुझीच हाय ना? का खोटी हाय?" मी म्हटलं, नाही, खोटी नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकतीस नंबर बंद करून पुन्हा चालू केलं आणि सुरू होतानाच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेलो. उत्तर तिथं लिहिलेलंच होतं. आमच्या बाकीच्या मशीनमध्ये पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड वेगळं होतं. हे एकच नवं मशीन असं होतं की ते काम मदरबोर्डच करायचा आणि त्यासाठी रॅममधून चौसष्टचा तुकडा स्वतःकडे काढून ठेवायचा. दोनशे छप्पन पुरे होते. उरलेले एकशे ब्याण्णव तेवढे विंडोजला दिसत होते, आणि माझी स्क्रिप्ट विंडोजला विचारत होती. सुगंधाताई शेजारच्या टेबलावर डबा खात होत्या. मी मशीन पूर्ववत केलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.

बसलो आणि गप्प राहिलो. कारणं सांगतो. एक तारखेला माझे सहा महिने भरणार होते. शेठनी ज्या स्क्रिप्टसाठी पाठ थोपटली तीच चुकते म्हणून सांगायची माझी तयारी नव्हती. आणि सील कुणी फाडलं, हा प्रश्न लगेच आला असता. ते मीच फाडलं होतं, आठवडाभरापूर्वी, रुई काढताना. मी स्वतःला समजावलं की केणे दोन दिवसांत थंड होतील, कॅबिनेट उघडतील, पट्ट्या दिसतील, आपसूक निस्तरेल. असल्या समजुती काढण्यात मी तेव्हा फार हुशार होतो.

केणे थंड झाले नाहीत. गुरुवारी त्यांनी सुगंधाताईंना ग्रेडिंगच्या सगळ्या माणसांदेखत विचारलं, "नवरा काय करतो तुमचा? कॉम्प्युटरचं दुकान न्हाय ना कुनाचं सोयऱ्यांत?" हे बोलताना आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते बोलणं जास्त खालच्या दर्जाचं वाटलं. पॅकिंग खात्यातला एक जण दिघाशीच्या बाजूचा होता. त्यानं ती गोष्ट संध्याकाळी मीठमसाला लावून गावात पोचवली.

शुक्रवारी ताई आल्या त्या डोळे सुजवूनच. माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सासऱ्यांच्या कानावर गेलं. म्हनतात, खरं असो नाय तर खोटं असो, आता बस झालं. तुमी तरी साहेबांना सांगा काय तरी."

"बघतो, ताई," मी म्हटलं.

त्या माघारी जाऊन चलनं टाइप करायला बसल्या.

शनिवारी खुलासा द्यायची वेळ आली. केणेसाहेब रजिस्टर उघडून, टोपण चावत तयार. सुगंधाताई उठल्या, टेबलाखाली वाकल्या आणि एकेक वायर उपसायला लागल्या. मग त्यांनी एकतीस नंबरचं कॅबिनेट उचललं, कडेवर घेतलं आणि सगळ्या ऑफिसमधून चालत धाकट्या शेठच्या केबिनकडे निघाल्या. केणेसाहेब मागून, "ओ बाई, ठेवा! नोंद न्हाय झाली! जागेवरनं हलवायचं न्हाय ते!" करत. मी त्यांच्या मागून. ताईंनी कॅबिनेट शेठच्या काचेच्या टेबलावर दाणकन ठेवलं.

"शेठ, हे उघडा. माझ्यासमोर उघडा."

शेठ फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला. "केणे, क्या चल रहा है?"

"शेठ, सीलची परवानगी—"

"खोलो."

केणेसाहेबांनी स्वतःच्या हातानं चार स्क्रू काढले. आत दोन पट्ट्या होत्या. दोन्हींवर एकशे अठ्ठावीस असं छापलेलं. केणेसाहेबांनी त्या बाहेर काढल्या, उजेडात धरल्या, दोनदा वाचल्या.

"मग कागदावर एकशे ब्याण्णव कसे?" शेठनी विचारलं. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. मदरबोर्ड, चौसष्टचा तुकडा, सगळं, जणू आत्ताच डोक्यात प्रकाश पडला अशा थाटात. सील मी फाडलं हेही सांगितलं, कारण आता न सांगून चालणार नव्हतं. शेठ म्हणाले, "च्यायला, एवढ्यासाठी? केणे, वो नोटीस निकालो. मामला खतम." आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला.

केणेसाहेबांनी नोटीस काढली. टाचण्या मोजून डबीत टाकल्या. ताईंशी एक शब्द बोलले नाहीत, माफ करा नाही, चुकलं नाही, काही नाही. ताईंनी स्वतःच वायरी पुन्हा लावल्या, दिवसभराची चलनं पुरी केली आणि वेळेवर निघाल्या. सोमवारी त्या आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत. एक तारखेला मी पक्का झालो.

वर्षभरानं मी ती कंपनी सोडली. ते वर्षभर मी केणेसाहेबांशी कामापुरतं बोललो आणि मनातल्या मनात त्यांना जे जे बोलायचं ते घोटून घोटून तयार केलं. एका बाईचं नाव खराब केलंत, तिची नोकरी खाल्लीत, आणि साधं चुकलं म्हणायची दानत दाखवली नाहीत. ही वाक्यं माझी इतकी पाठ झाली होती की बायकोलाही पाठ झाली.

ती म्हणायची संधी मला सहा-सात वर्षांनी मिळाली. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेपाशी केणेसाहेब उभे होते. वाळले होते, हातात औषधांची पिशवी होती, खिशात पेन एकही नव्हतं. त्यांनीच मला आधी ओळखलं.

"हार्डवेअर ना तू?"

मी नमस्कारसुद्धा केला नाही. म्हटलं, "साहेब, सुगंधाताईंची नोकरी तुम्ही घालवलीत."

"हां," ते म्हणाले. "घालवली."

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

"दुसऱ्याच रविवारी गेलो व्हतो दिघाशीला. सासरा ओट्यावर बसला व्हता, गावची चार मान्सं व्हती. सगल्यांच्या देखत सांगितलं, तुमच्या सुनंनं काय केलेलं न्हाय, चूक माझी. हात जोडले. सासरा म्हनला, आता कशाला. धाडली न्हायच त्यानं परत. पन चा पाजला."

मागून रिक्षावाला ओरडत होता, "चलो, एक सीट, एक सीट!"

"निघालो तवा ती भायेर आली," केणेसाहेब पिशवी सांभाळत रिक्षाकडे वळले. "म्हनली, साहेब, तुमाला म्हायीत नव्हतं म्हनून तुमी बोललात. भाऊंना बुधवारीच म्हायीत व्हतं. निल्या पडद्यावर वाचलं त्यांनी, मी बाजूलाच जेवत व्हती. त्यांचं तोंड बघूनच मला कललं, डब्यात सगलं जागेवर हाय. दोन दिस वाट बघितली, आज बोलतील, उद्या बोलतील. मंग ती म्हनली, ते न्हाय आले तुमच्यासंगं?"

ते रिक्षात चढले. तिघं आधीच बसले होते, त्यांत अंग चोरून बसायला त्यांना वेळ लागला.

"मी सांगितलं तिला, येईल तो," ते म्हणाले. "गेला व्हतास का?"

रिक्षा सुरू झाली. केणेसाहेब मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. मी हात वर केला आणि हलवला, जणू त्यांनी नुसता निरोप घेतला होता.